घंटेनंतरचं अर्धं मिनिट

हिरालाल शेटच्या कापसाच्या जिनात घंटा आणि अंधार ही जुळी भावंडं होती. इकडे कडूनिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर चौकीदाराचा हातोडा पडला, की तिकडे नत्थूजीने विजेचा मेन पाडलाच म्हणून समजा. मध्ये शिंकायलाही फुरसत नाही. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे घरघरत थांबायचे, प्रेस अर्ध्या गाठीवर उसासा टाकायची, आणि ऑफिसात दिवाणजी लिहिता लिहिता चाचपडत चष्मा शोधायचे.

वर्ध्यात त्या काळी जिनं काही कमी नव्हती. पण मेनवाल्याच्या नावाने ओळखलं जाणारं हे एकच. "कुठं कामाले हायेस?" असं विचारलं की मजूर शेटचं नाव घेत नसत. "नत्थूजीच्या अंधारात," म्हणत.

एक्क्याऐंशी साली शेटच्या पोरीच्या लग्नाचं जेवण जिनाच्याच पटांगणात होतं. फोटोवाला नवरानवरीला म्हणाला, "जरा जवळ सरका." तेवढ्यात चौकीदाराने, लग्न असो की मयत, आपल्या रोजच्या वेळेला घंटा दिली. नत्थूजी जिलेबीच्या रांगेत उभा होता. त्याने ताट शेजारच्याच्या हातात दिलं, चालत गेला, आणि मेन पाडला. त्या अंधारात नवरानवरी किती जवळ सरकले ते कोणी पाहिलं नाही, पण वरपक्षाचे एक काका कढीच्या गंजात कोपरापर्यंत उतरले एवढं नक्की.

"अबे नत्थू, लग्न आहे माझ्या पोरीचं!" शेट ओरडले.

"घंटा झाली न जी," नत्थूजी म्हणाला, आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

शेटनी त्याला काढला नाही. कारण त्यांनाही चौऱ्याहत्तर साल आठवत होतं. तेव्हाच्या मेनवाल्याला शेटनीच सांगितलं होतं, घंटा झाली तरी थांब, दोन गाठी निघू दे. तो थांबला. कापसातला एखादा खडा रेच्यात गेला असेल, एक ठिणगी उडाली असेल. ती रुईत शिरली आणि कापसाची गंजी आतून धुमसत राहिली. सकाळी वारा लागला तेव्हा पेटली. नत्थूजीचा मोठा भाऊ डोमाजी कापूस ओढता ओढता भाजला. त्याचे दोन्ही हात पुढे कधी मुठीत मिटले नाहीत. तेव्हापासून मेन नत्थूजीकडे आला आणि घंटा व मेन यांच्यामधली फट त्याने लिंपून टाकली.

असा हा माणूस. बोरगाव मेघेला घर, घरात आई तानाबाई आणि डोमाजी. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. बोलायला असा चिकट, की त्याच्या तोंडून वाक्य काढायचं म्हणजे ओल्या कापसातून सरकी काढणं. जिनात कापूस निवडणारी जयवंता म्हणायची, "नत्थूभाऊच्या तोंडातबी मेन हाय, अन तो कायमचाच पाडलेला हाय."

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर धाकट्या शेटनी मुंबईहून कॉम्प्युटर आणला. गाठींची वजनं, नंबर, कोणत्या ढिगातली गाठ, सारं म्हणे त्यात राहणार. पेटी उघडायच्या आधी नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, आणि ऑफिसच्या त्या खोलीबाहेर चपला काढायचा हुकूम निघाला. देवळात चपला घालून शिरणारे मोठे शेटही तिथे मोज्यांनी जाऊ लागले.

मशीनवर बसायला आली कोकिळा. अल्लीपूरची, शेतकऱ्याघरची. लग्न आर्वीकडे झालं होतं. नवऱ्याने दुसरी आणून घरात बसवली, तेव्हा ही भांडली नाही, रडली नाही. आपली पेटी उचलून सकाळच्या एस.टी.ने भावाकडे परत आली. जातीच्या बैठकीत रीतसर सोडचिठ्ठी झाली. मग वर्ध्याला मावशीकडे राहून टायपिंग शिकली. वय पस्तिशीच्या अलीकडे. हसली की आधी डोळे हसायचे, ओठ मागाहून यायचे. हे जयवंतेचं निरीक्षण, पण त्यावर जिनातल्या सगळ्या पुरुषांनी मान डोलावली होती.

पहिल्याच संध्याकाळी घोळ झाला. काट्यावरचा प्रेमदास शेवटच्या गाठींची वजनं ओरडून सांगत होता, कोकिळा ती मशीनवर उतरवत होती, घंटा झाली, अंधार झाला. सकाळी मशीन सुरू केलं तर शेवटच्या गाठी गायब. आणि वर मशीन इंग्रजीत काहीबाही कुरकुर करू लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर दुपारच्या गाठीही सापडेनात.

"बाई लिहीतच नसतील," दिवाणजी म्हणाले.

"मी डोळ्यानं पाह्यलं जी, टीव्हीवर उमटलं होतं," प्रेमदास म्हणाला.

"टीव्हीवर तर देवबी उमटते. म्हणून घरी येते का?"

नागपूरहून इंजिनियर आला. दिवसभर त्याने मशीन उलटंपालटं केलं, आणि मशीन शहाण्या पोरासारखं वागलं. "काही दोष नाही," असं म्हणून तो बॅग भरत होता, तेवढ्यात घंटा झाली आणि त्याच्याच तोंडावर अंधार पडला. मग अंधारातून त्याचा आवाज आला, "हे रोज असंच होतं?"

"रोज," चारपाच जण एकदम म्हणाले. अभिमानानेच.

मग टॉर्चच्या उजेडात त्याने समजावलं. अक्षर पडद्यावर दिसलं म्हणजे लिहिलं गेलं असं नाही. लिहायची जागा आत आहे, गरगर फिरणारी चकती. तिच्यावर एक दांडी सरकते आणि जिथे जागा असेल तिथे जाऊन लिहिते. मशीनच्या मानाने ही दांडी फार सुस्त. एकेका आकड्यासाठी तिला पळवलं, तर मशीन दिवसभर दांडीच सरकवत बसेल. म्हणून ते आकडे आधी नुसते ध्यानात ठेवतं. बरेच साठले, किंवा अर्धं मिनिट झालं, की सगळे घेतं, चकतीवर ज्या क्रमाने जागा आहेत त्या क्रमाने लावतं, आणि दांडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाता जाता वाटेतलं सगळं लिहीत जाते. मागेपुढे धावाधाव नाही. शिवाय मधल्या वेळात तुम्ही आकडा बदललात, तर जुना आकडा लिहायचे कष्टच वाचले. नवा तेवढा जातो.

धाकटे शेट समजल्यासारखी मान हलवत होते. मोठे शेट तेही करत नव्हते.

कोकिळा म्हणाली, "म्हंजे आमच्या अल्लीपूरचा वर्ध्याचा बाजार. मीठ सरलं म्हणून कोणी लगेच गाडी धरत नाई. चार जिनसा साचू देतात. सकाळी सासू म्हणते हळद आण, दुपारी म्हणते नको, सापडली. मंग हळदीची खेप वाचली. अन बाजारात शिरलं की जे दुकान आधी, ते आधी."

"तसंच," इंजिनियर म्हणाला. "फक्त लाइट गेला की ध्यानातलं सारं पुसलं जातं. आणि दांडी लिहिता लिहिता मध्येच थांबली, तर काय कुठे ठेवलं याची मशीनची स्वतःची खूणगाठच बिघडते. म्हणून दुपारच्या गाठीसुद्धा हरवल्या."

"मंग जमवत बसतेच काऊन? लिहून टाकाव न लगेच," प्रेमदास म्हणाला.

"लगेच लिहिलं तर काम रखडतं. फार जमवलं तर जातं. म्हणून अर्धं मिनिट. दोन्हीकडून थोडं थोडं."

मशीनला 'आत्ताच लिही' असा हुकूमही देता येत होता. तो दिला की डब्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागायचा. तो विझला की सगळं पोचलं. त्यानंतर मेन खुशाल पाडा. ऑफिसची लाइन वेगळी करावी, तर साऱ्या आवाराला एकच मेन ही विम्यावाल्यांची अट होती. विजेशिवाय मशीन चालवणारी बॅटरीची पेटीही मिळत होती. शेटनी तिची किंमत ऐकली आणि म्हणाले, "काही नको. मेन आपल्याच हातात आहे. नत्थू, उद्यापासून घंटा झाल्यावर थांबायचं."

"नाई जी," नत्थूजी म्हणाला.

"मी शेट आहे का तू?"

"तुम्ही हाय. चौऱ्याहत्तरलेबी तुम्हीच होते."

यावर शेट तडक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोकिळा स्वतः मेनच्या खोलीपाशी आली. ती टिनाची खोली ऑफिसच्या खिडकीसमोरच होती. मध्ये एक बैलबंडी जाईल एवढी बोळ. तिने वाद घातला नाही. डोमाजीचे हात कसे आहेत ते विचारलं. मग म्हणाली, "मी थांबा म्हणत नाई. एकदा तो दिवा तं पाहून जा."

नत्थूजीने चपला काढल्या, पाय पायजम्याला पुसले आणि आत गेला. कोकिळेने हुकूम दिला. काळ्या डब्यावर तो एवढासा लाल ठिपका धपापू लागला. नत्थूजी वाकून पाहत राहिला. जिनात एक रीत होती, चौऱ्याहत्तरनंतर त्यानेच घालून दिलेली: गंजीत विस्तव दिसला, तर तो विझेपर्यंत तिथून पाय हलवायचा नाही. भूक लागो, बाप मरो.

दिवा विझला. नत्थूजी सरळ झाला.

"हा पेटला असेल तोवर नाई पाडणार," तो म्हणाला. "पण रेचे आधी. घंटा झाली की सगळ्यांनी आपापले खटके पाडाचे. मंग मी थांबीन."

"पण ही बाई दिवा इजला म्हणून सांगन तवा," प्रेमदास दारातून म्हणाला, "अन बाईनं सांगतलंच नाई तं?"

"तं थांबीन," नत्थूजी म्हणाला. प्रेमदासने हे वाक्य त्या दिवशी अख्ख्या जिनात वाटलं.

आणि काय झालं, की त्या जिनाला पहिल्यांदाच एक नवीन वेळ मिळाली. आजवर तिथे एक तर रेच्यांचा गडगडाट असायचा, नाहीतर अंधार. आता घंटेनंतर रेचे थांबत, पण दिवे जळत राहत. पिवळ्या उजेडात रुईचे तंतू हळूहळू खाली उतरत. कोणाचाही आवाज ओरडल्याशिवाय ऐकू यायचा. नत्थूजी मेनच्या मुठीवर हात ठेवून उभा. खिडकीत कोकिळा, एक डोळा दिव्याकडे.

"आज चाळीसच्या वर गाठी झाल्या," ती म्हणायची.

"हाव."

"थंडी पडली."

"हाव न."

"पाडा आता."

अंधार.

पहिल्या सीझनला एवढंच. पण अशी 'हाव' आणि 'हाव न'मध्ये फरक करणारी माणसं जिनात पुष्कळ होती. चहाच्या टपरीवर त्यावर तासतास खल चाले. जयवंता समोरच विचारायची, "नत्थूभाऊ, हात खटक्यावर, अन डोये कोठीसा?"

"दिव्याकडे पाह्यतो."

"दिवा तं आत हाय. बाहेरून दिसते व्हय?"

नत्थूजी मग दुपारभर बोलत नसे. तसा तो एरवीही बोलत नव्हता, पण या न बोलण्याला वेगळा रंग असायचा.

खरं सांगायचं तर त्याच्या मनात बोलणं मावत नव्हतं. सकाळी बोरगावहून सायकलवर येताना तो आज काय सांगायचं ते ठरवायचा. गाय व्याली, हे सांगायचं ठरलं. पण संध्याकाळपर्यंत त्या वासराने आईचं वाळत घातलेलं लुगडं चघळलं होतं, मग गाय व्याल्याची बातमी शिळी वाटली, लुगड्याचंच सांगू. ते सांगायचं तर त्या दिवशी दिवा भरकन विझला. दुसऱ्या दिवशी आई त्याच लुगड्याचा फाटका पदर वासराच्या गळ्यात बांधून हसत बसली होती. मग तेच सांगू. करता करता गाय व्याल्याचं राहिलं, लुगड्याचं राहिलं, आणि वासरू मोठं होऊन बाजारात गेलं तरी कोकिळेला नत्थूजीच्या घरी गाय आहे हेच माहीत नव्हतं. घरावर नवी कवेलू टाकली, ते सांगायचं होतं. बायको गेल्यापासून आपलं एकट्याचं ताट आपणच घासायची सवय लागलीय, ते सांगायचं होतं. एकटं एकटं काय सांगायचं, सारं एकदमच सांगू, जिथून सुरुवात करायला पाहिजे तिथून नीट लावून सांगू, असं तो रोज ठरवी. आणि रोज रात्री घरी जाताना सायकलच्या प्रत्येक पेडलला त्याला न बोललेलं एकेक वाक्य टोचायचं.

अडचण म्हणाल, तर एकही नव्हती, हीच मोठी गंमत. त्यांच्या जातीत पाट लागत होता. पाट म्हणजे दुसरं लग्न: मांडव नाही, वाजंत्री नाही, सांजवेळ, चार माणसं, एक लुगडं, एक नारळ. कोणी नाक मुरडायचं कारण नाही. तानाबाई तर मागेच लागली होती.

"अरे, इचार न तिले."

"इचारीन न, माय."

"कवा? मी वर गेल्यावर? तिथून आशीर्वाद खाली पोचते का नाई मले मालूम नाई."

दुसऱ्या सीझनला, संक्रांत उलटल्यावर, कोकिळेचा भाऊ वासुदेवराव अल्लीपूरहून येऊन गेला. मावशीच्या घरी दोन तास बसला. त्या संध्याकाळी घंटा झाली, रेचे थांबले. कोकिळेने हुकूम दिला आणि खिडकीत आली. गाठी जास्त होत्या. दिवा आज बराच वेळ लुकलुकणार होता.

"भाऊ आला होता," ती म्हणाली.

"हाव?"

"हिंगणघाटचं स्थळ आणलं. बायको वारली त्याची. कपड्याचं दुकान हाय."

नत्थूजीच्या हाताखालची मूठ ओली झाली.

"मानूस बरा हाय म्हणते. होळीपर्यंत सांग म्हणते." ती थांबली. "मी अजून हो म्हणलं नाई."

पटांगणात प्रेमदासने काट्यावर टेकलेलं ढुंगण उचललं. जयवंतेने पदरातला कापूस निवडायचा सोडून दिला. चौकीदाराच्या हातातला हातोडा हातातच राहिला.

"बरं," नत्थूजी म्हणाला.

"बरं म्हंजे?"

नत्थूजीने ओठ उघडले. आता कुठून सुरुवात करायची? गायीपासून? कवेलूंपासून? एका ताटापासून? त्याच्या डोक्यात सारी वाक्यं एकमेकांना ढकलत दाराशी आली आणि दारात अडकली.

"म्हंजे... दिवा इजला का, बाई?"

कोकिळेने मागे वळून पाहिलं. "इजला," ती म्हणाली. "पाडा."

अंधारात जयवंतेचा आवाज आला, "मेला मेनवाला!"

त्या रात्री त्याला झोप आली नाही आणि सकाळी तानाबाईने त्याला धुतलेला पायजमा, इस्तरीचा सदरा घालताना पाहिलं. ती नुसती तोंडाला पदर लावून बसली. नत्थूजी दिवसभर मेनच्या खोलीत वाक्यं लावत होता. पहिलं वाक्य पक्कं झालं होतं. एकच, छोटं. बाकीची मागाहून.

दुपारी टेम्पो आला. त्यातून चौघांनी मिळून एक जड लोखंडी पेटी उतरवली. धाकट्या शेटनी शेवटी बॅटरी मागवली होती. हिंगणघाटच्या कोणा जिनवाल्याकडे आली म्हणून. मोठ्या शेटनी पुन्हा नारळ फोडला.

घंटा झाली. रेचे थांबले. नत्थूजीने मुठीवर हात ठेवला आणि खिडकीकडे पाहिलं.

"पाडा, नत्थूजी!" धाकटे शेट बोळीत उभे राहून उत्साहाने म्हणाले. "आता थांबायची गरजच नाही. बघाच गंमत!"

त्याने पाडला. सगळं जिन काळं झालं, आणि ऑफिसच्या खोलीत मात्र पडदा हिरवा जळत राहिला. धाकटे शेट टाळ्या वाजवत आत गेले. त्या हिरव्या उजेडात कोकिळेचा चेहरा दिसत होता, खाली झुकलेला, बोटं चाललेली. आता तिला खिडकीत यायचं कारण नव्हतं. बॅटरीवर काम आटोपून मशीन रीतसर बंद करायला तिला खुर्चीतच बसावं लागे.

रोज तसंच. घंटा, अंधार, आणि बोळीपलीकडे तो हिरवा चेहरा. नत्थूजी मेनच्या खोलीत उभा राहून पाहायचा. मध्ये एक बंडी जाईल एवढीच जागा, पण ती ओलांडून जायला काही काम पाहिजे ना! दोन सीझन विजेने त्याला काम दिलं होतं. आता वीज म्हणाली, तुझं तू बघ. त्याला वाटे, जाऊन नुसतं विचारावं, थंडी वाजते का? मग वाटे, माघ संपत आला, आता कसली थंडी. तोवर पडदा विझायचा, कोकिळा चपला घालायची, तिच्या पावलांचा आवाज फाटकाबाहेर जायचा. तो आवाज संपला तरी नत्थूजी काही वेळ तिथेच असायचा. डोळ्यांपुढे हिरवा डाग तरंगत राहायचा. डोळे मिटले तरी जात नसे.

एका दुपारी पाण्याच्या माठापाशी ती समोर आली. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणजे जयवंता रुईच्या ढिगामागे होती, पण ती धरायची नाही.

"आताशा थांबत नाई तुम्ही," कोकिळा म्हणाली.

"गरज नाई न आता."

"गरज मशीनचीच होती व्हय?"

नत्थूजीने माठावरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. "सांगतो," तो म्हणाला. "लय सांगाचं हाय, बाई. सारं एकदमच सांगतो. जरा सीझन सरू द्या."

कोकिळा हसली. डोळे हसले नाहीत, नुसते ओठ. "मशीनबी अर्ध्या मिनटाच्या वर जमवून ठेवत नाई, नत्थूजी," ती म्हणाली. "तिले मालूम असते, लाइन कवाबी जाऊ शकते."

होळी आली. कोकिळा रजा घेऊन अल्लीपूरला गेली.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी नत्थूजी जिनात आला आणि सरळ शेटसमोर उभा राहिला. "आज मेन दुसऱ्या कोणाले पाहू द्या," म्हणाला. चौदा वर्षांत त्याने असं म्हटलं नव्हतं. शेटनी त्याच्या सदऱ्याकडे, तेल लावलेल्या केसांकडे पाहिलं. "जा," म्हणाले. "पळत जा, लेकाच्या."

एस.टी.त तो खिडकीपाशी बसला. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कापसाच्या पराट्या उभ्या होत्या, बोंडं रिकामी. वाटेत त्याने सगळं लावून घेतलं. आधी हे, मग ते. अल्लीपूरला उतरून विचारत विचारत वासुदेवरावच्या दारी पोचला. वासुदेवराव ओसरीवर बसला होता. त्याची बायको अनुसयाबाई हिने पाणी दिलं, आणि पाण्यापाठोपाठ वाटीत गूळखोबरं ठेवलं.

"तोंड गोड करा, भाऊजी," ती म्हणाली. "जिनातलेच न तुम्ही? कोकिळाबाईचं जमलं. काल सांजीले हिंगणघाटवाले येऊन सुपारी देऊन गेले."

नत्थूजीने गुळाचा खडा तोंडात टाकला. चावला. गिळला. आत दाराच्या चौकटीत कोकिळा येऊन उभी राहिली होती. त्याने तिला पाहिलं. उठून 'बरं झालं' म्हणायचं आणि परतीची गाडी धरायची, एवढंच आता बाकी होतं. जन्मभर तो तेच करत आला होता.

"मले पायजे होती कोकिळाबाई," नत्थूजी म्हणाला.

वासुदेवरावच्या हातातला अडकित्ता थांबला. अनुसयाबाई आत जाता जाता उभी राहिली.

"मी पाट लावाले तयार होतो. दोन वर्षांपासून. सांगतलं नाई कोणाले." त्याचा आवाज लहान होता, पण अडकला नाही. "आता तुमी शब्द देल्ला, त्याच्यात मी आडवा नाई येत. पण मले पायजे होती, हे सांगाले आलो."

वासुदेवराव वाईट माणूस नव्हता. अडकित्ता खाली ठेवून तो म्हणाला, "काल सांजीपर्यंत आले असते, नत्थूजी, तं मी हिंगणघाटवाल्याले वेशीवरून वापस धाडलं असतं. तिनंच थांबवून ठेवलं होतं मले. पार दिवे लागेपर्यंत."

नत्थूजीने मान खाली घातली.

कोकिळा ओसरीवर आली. भावासमोर अशी बसायची रीत नव्हती, पण ती खांबाला टेकून बसली. "लय सांगाचं हाय म्हणत होते न तुम्ही?" ती म्हणाली. "गाडी चार वाजता हाय. सांगा."

"आता काय सांगू, बाई?"

"सारं."

वासुदेवराव उठला आणि बैलांकडे गेला. अनुसयाबाईला आत चुलीवर काहीतरी आठवलं. आणि नत्थूजी बोलायला लागला. गाडीत लावलेला क्रम केव्हाच विसरला. जे तोंडाला आलं ते सांगितलं. रात्री टिनावर पाऊस वाजला की बायकोच्या खोकल्याचा भास होतो, ते. डोमाजीला घास भरवताना तो लाजतो, म्हणून आपण दुसरीकडे पाहतो, ते. पहिल्या दिवशी तिने डोमाजीच्या हातांचं विचारलं, त्या रात्री घरी जाऊन आईला पुन्हापुन्हा तेच सांगितलं, ते. कोकिळा मध्ये मध्ये "मंग?" म्हणत होती. एकदा डोळ्यांनी हसली. एकदा पदराने डोळे पुसले, पण उठली नाही. चारची गाडी आली आणि गेली, दोघांनाही कळलं नाही. शेवटच्या गाडीला अनुसयाबाईनेच बाहेर येऊन आठवण दिली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सारं जिन गोळा झालं होतं. प्रेमदासने बाकावर जागा करून दिली. जयवंतेने तर चार खोचक प्रश्न घरूनच तयार करून आणले होते.

"काय झालं, भाऊ?" प्रेमदास म्हणाला.

"तिचं जमलं. हिंगणघाटले," नत्थूजी म्हणाला. "मी उशिरा गेलो. मले लय पायजे होती ती."

इतक्या सरळ बोलणाऱ्या माणसाची थट्टा करायची कशी, हे त्या टपरीवर कोणालाच ठाऊक नव्हतं. जयवंतेने तोंड उघडलं, मिटलं, आणि आपल्या हातातली चहाने भरलेली बशी त्याच्यासमोर सरकवली.

"घ्या, नत्थूभाऊ," ती म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."